हॉटेल चंद्रकुमारची आडवी बाटली

टोला, ता. गोरेगाव, जि. गोंदिया
दि. १४ मार्च

आदरणीय शालीकराम भाऊ यांना रेवारामचा राम राम.

तुमची शुगर, वहिनीचे गुडघे आणि नागपूरचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे बरे आहेत. तुमची बहीण रुख्मा बरी आहे, आमच्या पोरीची, खुशीची, बारावीची परीक्षा चालू आहे, म्हैस गाभण आहे आणि तुमच्या बाबूजींच्या फोटोला दर सोमवारी नवा हार घालून राहिलो. माझी तब्येत विचाराल तर वजन चार किलोनं कमी झालं आहे. ते घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून मीच लिहून टाकतो.

आता तुम्ही म्हणाल, हातात फोन असून हा माणूस पत्र काऊन लिहून राहिला? तर भाऊ, फोन लावला की रुख्मा तो माझ्या हातातून घेते, स्पीकरवर टाकते आणि अर्धा तास वहिनीशी पापडाबद्दल बोलते. मेसेज लिहावा, तर मागच्या दिवाळीत मी तुम्हाला एकट्याला म्हणून जो मेसेज टाकला होता (वहिनीच्या अनारशांबद्दल), तो 'चंद्रकुमार परिवार' या ग्रुपवर गेला, हे तुम्ही विसरला असाल पण वहिनी विसरली नाही. त्यामानानं कागद बरा. कागद कोणाला आपोआप जात नाही. शिवाय या लिफाफ्यात एक फॉर्म तुम्हाला पाठवायचाच होता. त्या फॉर्मबद्दल शेवटी लिहितो, घाईचं काही नाही.

तर झालं असं, की आपल्या परमिट रूमच्या लायसनची फी पुन्हा वाढली. आकडा मी इथं लिहीत नाही, शुगरवाल्या माणसाला आकडे कळवू नयेत. एवढंच सांगतो की नोटीस वाचून झाल्यावर मी ती उलटी करून पाहिली, मागच्या बाजूला गरिबांसाठी काही सूट लिहिली आहे का म्हणून. मागं कोरं होतं. गोंदियाला हापिसात गेलो. तिथले साहेब माणूस म्हणून चांगले आहेत. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की एकतीस मार्चच्या आत चलान भरा, नाहीतर एक एप्रिलला शटर उघडू नका. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे टेबलं चार, त्यातलं एक विटेवर उभं आहे. एसीच्या जागी कूलर आहे, आणि त्या कूलरमध्ये चिमणीनं घर केल्यापासून तोही बंद आहे (रुख्मा चालू करू देत नाही, पिल्लं उडाल्यावर पाहू म्हणते, दोन वर्षं झाली, एक पिढी उडते आणि दुसरी येते). आम्ही आणि गोरेगावचा रंगीत लाइटवाला बार, दोघांना एकच फी कशी? साहेब म्हणाले, आम्ही फी ठरवत नाही, घेतो. पाणी पिऊन परत आलो.

रस्त्यात एसटीत बसून हिशेब केला तेव्हा ध्यानात आलं की यंदा फी भरायची तर नहराजवळची धानाची बांधी विकावी लागते. तीच बांधी, भाऊ, जिच्यात रुख्माच्या लग्नाच्या वेळी बाबूजींनी स्वतः उभं राहून पहिलं रोवणं करून दिलं होतं. ती विकून दारूचं लायसन घ्यायचं, आणि पुढच्या वर्षी फी पुन्हा वाढली की काय विकायचं, म्हैस? त्या दिवशी मी मनात ठरवलं की आता हे दुकान बंद झालं पाहिजे. पण ठरवणं वेगळं आणि बोलणं वेगळं. बाबूजींच्या नावाचं दुकान, बाबूजींचा फोटो गल्ल्यावर, तुम्ही दर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला नागपूरहून येऊन त्या फोटोसमोर डोळे पुसता. अशा दुकानाला कुलूप लावा हे कोणी बोलायचं? जवयानं? माझी हिंमत झाली नाही. खरं सांगतो, अजूनही नाही.

आणि मी बोलणारा कोण, हाही प्रश्न आहेच. बाबूजी गेल्यावर लायसनवर दोन नावं चढली, तुमचं आणि रुख्माचं. माझं नाव आहे नोकरनाम्यावर. दुकानात कोण कोण कामाला आहे त्याची फोटोसकट यादी दर वर्षी हापिसात द्यावी लागते, तिला नोकरनामा म्हणतात. आपल्या यादीत एकच फोटो आहे. नोकराचं नाव: रेवाराम. मालकाचं नाव: सौ. रुख्मा. पहिल्या वर्षी मी कागदाच्या कोपऱ्यात प्रामाणिकपणे 'मालक ही नोकराची पत्नी आहे' असं लिहिलं होतं, तर तिथल्या बाबूनं ते लाल शाईनं खोडून 'अनावश्यक माहिती देऊ नये' असं लिहिलं. पंधरा वर्षं मी माझ्या बायकोचा सरकारमान्य नोकर आहे. तक्रार करत नाही. बाकीच्यांच्या घरीही तेच चालू आहे, माझ्याकडे त्याचा शिक्का मारलेला कागद आहे इतकाच फरक.

आता धंदा कमी का आहे, तर तेही तुम्हाला सांगणं भाग आहे, कारण तुम्ही मंडईला येता तेव्हा रुख्मा दोन दिवस नियम ढिले करते आणि तुम्हाला वाटतं गर्दी आहे. एरवी संध्याकाळी सहाला ती गल्ल्यावर येऊन बसते, आठला उठते. ती उठली की दुकान बंद. आणि सहा ते आठच्या मध्ये कोणाला किती मिळणार हे पिणारा ठरवत नाही, त्याची बायको ठरवते. ही पद्धत कशी सुरू झाली ते आठवत नाही, पण आता गावातली प्रत्येक बाई विहिरीवर नाहीतर भजनात रुख्माला सांगून ठेवते, आज यांना एकच देजो, आज अर्धी देजो, आज काहीच देऊ नको, बैलाला मारलं. बाजाराच्या दिवशी तर कहर असतो. ज्यानं घरचा भाजीपाला घेतला नाही त्याला बसायलाच मिळत नाही. आधी थैली दाखवा. रुख्मा थैलीत हात घालून पाहते, वांगी किडकी निघाली तर माणसाला परत पाठवते. मग त्या सगळ्या थैल्या बाबूजींच्या फोटोखाली खिळ्यांवर ओळीनं टांगलेल्या असतात आणि खाली गिऱ्हाइकं शाळेतल्या पोरांसारखी हात बांधून बसलेली असतात. भाऊ, जगात असं परमिट रूम दुसरं असेल तर मला दाखवा. (एकदा दुधराम चुकून दुसऱ्याची थैली घेऊन गेला. त्याच्या बायकोला मेथीच्या जागी सुकट मिळाली. गुरुवार होता. पुढचे आठ दिवस दुधरामला आपल्याकडे फक्त सोडा मिळाला.)

हा दुधराम तुम्हाला आठवत असेल. उंच, मिशीवाला, नहराच्या पाण्याच्या पाळीवरून सगळ्यांशी भांडतो तो. आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एके दिवशी दुपारी मी दुकान झाडत होतो तर तो आला आणि म्हणाला, "रेवाराम भाऊ, तोंड काऊन उतरलं?" मी फीचं सांगितलं. बांधीचंही सांगितलं. तो मिशी ओढत म्हणाला की गावातल्या बायांनी मतदान करून दारूचं दुकान बंद करता येते. हे मलाही माहीत होतं, पण दारूवाल्याच्या डोक्यात ते येत नाही. बायांनी अर्ज द्यायचा, सह्यांची तपासणी होते, मग चिठ्ठीवर दोन चित्रं येतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावातल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की सरकार स्वतः येऊन कुलूप लावते. भाऊ, माझ्या डोळ्यांसमोर उजेड पडला. दुकान बंद, फी वाचली, बांधी वाचली, आणि दोष कोणावर? कोणावरच नाही! लोकशाही! तुम्ही फोन केला असता तर मी रडक्या आवाजात सांगितलं असतं की काय करणार भाऊ, जनतेचा कौल.

मी दुधरामला विचारलं की बाप्पा, तू कायले एवढा पुढाकार घेऊन राहिला, तुझी तर बसायची जागा जाईल. तेव्हा त्याच्या तोंडातून खरं निघालं. हे दुकान बंद झालं तर बायकोपुढं म्हणता येईल की गावात मिळत नाही, गोरेगावला जावं लागते. आणि गोरेगावला गेलं की तिथं रुख्माबाई नाही. थैली दाखवावी लागत नाही. आठ वाजता कोणी पंखा बंद करत नाही. त्याला नुसतं बोलताना पाहून मला कळलं की हा माणूस किती वर्षांपासून मनात कुढून राहिला होता. आणि तो एकटा नव्हता. दोन दिवसांत आपली सगळी गिऱ्हाइकं दारूबंदीच्या बाजूनं झाली. असं एकमत गावात रस्त्यासाठी कधी झालं नाही.

अर्ज मी लिहिला. तुम्हाला माहीत आहे, माझं अक्षर चांगलं आहे आणि मराठीही बरी आहे. 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या पीडित भगिनी' अशी सुरुवात केली. मध्ये 'संसाराची राखरांगोळी' घातलं, 'कोवळी बालके' घातलं, शेवटी लिहिताना माझेच डोळे भरून आले आणि मला क्षणभर खरोखर वाटलं की हा दुकानदार कोण नालायक आहे, याला धरा. सह्यांचं काम माणसांनी केलं. प्रत्येकानं आपापल्या बायकोला सांगितलं की बँकेचं केवायसी आहे, इथं सही कर, इथं अंगठा लाव. सह्या भराभर झाल्या. मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग तहसीलमधून साहेब तपासणीला आले. ग्रामपंचायतीत बायांना एकेकीला बोलावून विचारणार की ही सही तुमची का, आणि दारूबंदीचं मतदान तुम्हाला पाहिजे का. आता केवायसी म्हणून सही केलेली बाई काय उत्तर देईल हे उघड होतं. मी पंचायतीच्या खिडकीबाहेर सायकलीची हवा पाहण्याच्या निमित्तानं उभा राहिलो. पहिली आली अनुसयाबाई. ही महिला बचत गटाची अध्यक्ष, गावात तिच्याशिवाय कोणतंही काम सुरू होत नाही आणि ती असली की लवकर संपत नाही. साहेबानं कागद वाचून दाखवला. तिनं तो हातात घेऊन अक्षर निरखून पाहिलं. मग म्हणाली, "थांबा जी, पाणी पिऊन येतो," आणि तरातरा आमच्या घराकडे गेली. दहा मिनिटांनी परत आली, पदर खोचला आणि म्हणाली, "हो जी, सही आमचीच होय. होऊ द्या मतदान." तिच्यामागं सगळ्याजणी तेच बोलल्या, शब्दही तेच. मला वाटलं, देव पावला. त्या दहा मिनिटांत ती रुख्माशी काय बोलली असेल हा विचार मला शिवला नाही. सुखात असलेला माणूस विचार कमी करतो.

पण खरी परीक्षा पुढं होती. मतदानाची तारीख लागली तसं रुख्मानं मला बोलावून सांगितलं की दुकानाचे नोकर म्हणून तुम्ही घरोघरी जा आणि उभ्या बाटलीचा प्रचार करा. म्हणजे पाहा, एका हातानं आडवी बाटली मांडायची आणि दुसऱ्या हातानं ती उभी करायची. नाही म्हणता येईना. मग मी युक्ती केली. प्रत्येक घरी जाऊन इतका वाईट प्रचार केला की ऐकणाऱ्याचं मत फिरावं. म्हटलं, बाई, उभ्या बाटलीला मत द्या, दारूनं लिव्हर सडते हे खरं आहे, पण माणूस एका दिवसात मरत नाही. म्हटलं, तुमच्या घरचे रोज पितात, उद्या पोरगाही पिईल, परंपरा राहील. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हणायच्या, बसा भाऊ, चहा घ्या. मी वीस दिवसांत जेवढा चहा प्यालो तेवढा आयुष्यात प्यालो नव्हतो. चार किलो वजन त्याच्यातच गेलं असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या बाजूनं दुधरामनं आडव्या बाटलीची रॅली काढली. मी त्याला दहादा सांगितलं होतं की रॅली सकाळी काढ. तो म्हणाला सकाळी कोणी येत नाही. रॅली निघाली संध्याकाळी सव्वासातला, थेट आपल्या दुकानातून. सगळे आपापला कोटा संपवून निघाले, थैल्या खांद्यावर, आणि 'दारूबंदी झालीच पाहिजे' म्हणत मारुतीच्या देवळापर्यंत गेले. तिथं दोघं पारावर झोपले. दुधराम व्यसनाच्या दुष्परिणामांवर बोलायला उभा राहिला आणि आपल्या आईच्या आठवणीनं रडू लागला (ती जिवंत आहे, समोरच उभी होती). आईनंच त्याला हाताला धरून घरी नेलं. मी दुरून पाहून राहिलो होतो. आपल्या पक्षाची अशी स्थिती पाहून कोणत्याही पुढाऱ्याला दुःख होईल.

आणि आता ज्यानं सगळं बुडवलं ते सांगतो. फीवाढीच्या विरोधात जिल्ह्यातल्या परमिट रूमवाल्यांची गोंदियाला मीटिंग झाली. मोठमोठे लोक आले होते, बोटांत अंगठ्या, सगळी भाषणं हिंदीत. "सरकार को हमारी ताकत दिखानी पड़ेगी," वगैरे. ठरलं की एक दिवस सगळ्यांनी कडकडीत बंद पाळायचा. मीही हात वर केला. मतदानाच्या आधीच्या मंगळवारी आपल्या दुकानाला कुलूप लावलं आणि बाहेर पाटी टांगली, 'फीवाढीच्या निषेधार्थ बंद'. सरकारला आपली ताकद दिसली की नाही माहीत नाही, पण गावातल्या बायांना दिसली. सहा वाजले, माणसं आली, कुलूप पाहिलं, आणि मोटारसायकलींवर तिघं तिघं बसून गोरेगावला गेली. तिथल्या रंगीत लाइटवाल्यानं पुढचं शटर बंद ठेवून मागचं दार उघडं ठेवलं होतं, आणि मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं ओरडला होता तो तोच, हे मला नंतर कळलं. आठ वाजले, कोणी आलं नाही. नऊ वाजले. बाया बॅटऱ्या घेऊन सडकेवर येऊन उभ्या राहिल्या. मग एकेक परतू लागला. कोणाच्या खिशात बाजाराचे पैसे नव्हते, कोणाच्या पायात चप्पल नव्हती. दुधरामची गाडी नहरात गेली. पाणी कमी होतं म्हणून तो वाचला, पण चिखलात कमरेइतका उभा राहून तो सगळ्यांना सांगत होता की आपण रोवणी करून राहिलो. अनुसयाबाईचा नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, भलत्याच गावच्या समाजमंदिरात, भलत्याच माणसाची चादर पांघरून. भाऊ, एकाच संध्याकाळी गावातल्या प्रत्येक बाईनं डोळ्यांनी पाहिलं की हॉटेल चंद्रकुमार बंद झालं तर रोज काय होणार आहे. माझी वीस दिवसांची मेहनत मी स्वतःच कुलूप लावून पाण्यात घातली.

रविवारी मतदान झालं. एवढ्या बाया विधानसभेला निघत नाहीत. नव्या लुगड्यांत आल्या, म्हाताऱ्यांना खाटेवर आणलं, एक बाई तर माहेरी दरेकशाला होती, ती सकाळची गाडी धरून खास मत द्यायला परत आली. माणसं पारावर बसून होती, चेहरे पडलेले. संध्याकाळी साहेबानं निकाल वाचला. उभी बाटली, दोनशे सत्त्याऐंशी. आडवी बाटली, अकरा. बाद, चार. (बाद चारमधली एक दुधरामच्या आजीची, तिनं दोन्ही बाटल्यांवर शिक्का मारला. विचारलं तर म्हणाली, कोणाला नाराज कायले करू.) बायांनी गुलाल उधळला. भाऊ, दारूचं दुकान वाचलं म्हणून महिला मंडळानं गुलाल उधळलेला मी या डोळ्यांनी पाहिला, आणि पहिली मूठ माझ्याच डोक्यावर पडली, कारण प्रचार मी केला होता ना! अनुसयाबाईनं मला नारळ दिला आणि हळूच म्हणाली, "रेवाराम भाऊ, अर्जातलं अक्षर लय सुंदर होतं जी. मोत्यासारखं." मी नारळ घेतला आणि खाली पाहून घरी आलो.

तेव्हापासून आठवडा झाला, रुख्मा त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती जेवायला वाढते आणि लोणचं पाहिजे का विचारते. मी रोज त्या अकरा मतांची यादी करतो. दहा जणी कोण ते मला पक्कं माहीत आहे, त्यांचे नवरे बाहेरगावी कामाला असतात, त्यांना काय फरक पडते. अकरावी कोण ते काही केल्या सुचत नाही. जी कोणी असेल तिचं भलं होवो, गावात एका तरी बाईला माझी दया आली.

असो. पत्र लांबलं. तुम्ही काळजी करू नये. दुकान तुमचं आहे, गावाचा आशीर्वाद आहे, बाबूजींचं नाव चालू राहील. फीचं काही ना काही होईलच. वहिनीला नमस्कार सांगा, आणि सांगा की मागच्या दिवाळीचे अनारसे फार मऊ झाले होते.

तुमचा जवाई आणि लायसनचा नोकर,
रेवाराम

ता. क. अनारशांबद्दल लिहिलं ते मनापासून आहे.

ता. क. आणखी एक. लिफाफ्यातला फॉर्म लायसनच्या नूतनीकरणाचा आहे. त्यावर तुमची सही लागते, तुमच्या सहीशिवाय हापिसात तो घेत नाहीत. तर भाऊ, हात जोडून सांगतो, सही करू नका. फॉर्म हरवला म्हणा, नागपूरला उंदीर फार झाले म्हणा, नाहीतर या वयात तुमचं मन अध्यात्माकडे वळलं असून दारूच्या कागदावर हात चालत नाही म्हणा. तुम्ही मोठे आहात, तुम्हाला कोणी विचारणार नाही. एकतीस तारीख निघून गेली की आपोआप सगळं मिटते. बांधी वाचते. माझ्यानं हे रुख्मापुढं बोलवत नाही, बाबूजींच्या फोटोपुढं बोलवत नाही, म्हणून एवढी सात पानं लिहिली. खरं काम या ओळींचंच होतं. वाचून झालं की पत्र फाडून टाका.

ता. क. दादा, मी रुख्मा लिहून राहिली. फॉर्मवर तुमच्या आधी माझी सही लागते हे यांच्या ध्यानात राहिलं नाही, लिफाफा चिकटवून माझ्याच हातात दिला की पोस्टात टाक. म्हणून उघडला. उघडला तर वाचला. चार किलो कमी झाले ते मला पहिल्या किलोपासून दिसून राहिलं, म्हणून रोज दूध देते, ते हे मांजरीला पाजतात. अर्ज यांच्या अक्षरात आहे हे अनुसयाबाईनं मला त्याच दिवशी येऊन सांगितलं. मीच तिला म्हटलं, हो म्हणा, होऊ द्या मतदान, यांच्या एवढं मनात आहे तर बाया काय म्हणतात ते पाहू. अकरावं मत माझं होय. पंधरा वर्षं हा माणूस दुकानातल्या स्टुलावर बसला, एक दिवस बोलला नाही की नको आहे म्हणून. मला वाटलं, निदान एक मत तरी घरचं पडावं. फॉर्मवर मी सही केली नाही, तुम्हीही करू नका, तिथं सही करायची की नाही ते आता यांनी ठरवायचं. त्याच्यासोबत दुसरा कागद टाकला आहे, लायसनवरून तुमचं नाव कमी करून यांचं लावायचा. त्यावर मात्र आजच सही करून पाठवा. चालवायचं ठरलं तर फीचे पैसे अनुसयाबाईचा गट द्यायला तयार आहे, बांधीला हात लागणार नाही. आणि बंद करायचं ठरलं तर यांनी मालक म्हणून माझ्यासमोर बसावं, नको म्हणावं आणि स्वतःच्या सहीनं बंद करावं, दुधरामच्या बायकोच्या अंगठ्यामागं लपून नाही.